डोंगराच्या अलीकडची

मयताच्या घरी लिसिल्ला पोचली का, एवढंच इकारियातल्या बायका विचारत. ती येईपर्यंतचं रडणं म्हणजे नुसतं नाक ओढणं. ती यायची, डोक्यावरचं वस्त्र मागं सारायची, उशाशी उभी राहून मेलेल्याचं डोकं दोन्ही हातांत धरायची आणि त्याला नावानं हाक मारायची. त्या हाकेसरशी घरातल्यांना पहिल्यांदा कळायचं, की हा आता उठणार नाही.

साठीच्या आतल्या परक्या बाईनं मयताच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, रडायचं ते घरातल्या घरात, गाल ओरबाडायचे नाहीत, असा अथेन्सचा कायदा होता. मोकळीक फक्त नात्यातल्या बाईला. पण इकारियात सगळेच कुठून ना कुठून नात्यातले, त्यामुळे लिसिल्लाला कुठलंच दार बंद नव्हतं.

तिचं लग्न लहानपणीच निकोनशी झालं. निकोनकडे उतारावरचा एक द्राक्षमळा, थोडी ऑलिव्हची झाडं आणि चार शेळ्या. लिसिल्लानं तीन मुलं पुरली. तिसऱ्याच्या वेळी, पाळण्याएवढ्या त्या बिछान्याशी उभी राहून रडत असताना तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला, आणि आज तो फार चांगला लागलाय हे तिच्या लक्षात आलं. ही गोष्ट तिनं जन्मात कुणाला सांगितली नाही. उरला एक मुलगा, फैदिमोस. त्याला ती भरल्या मडक्यासारखं सांभाळायची.

भिंतीला भिंत लावून फिलिन्नाचं घर होतं. फिलिन्ना म्हणजे निकोनच्या सख्ख्या काकाची मुलगी, लिसिल्लाची चुलत नणंद. तरुणपणीच विधवा झालेली, तोंडानं फटकळ, हातानं उदार. तिलाही एकच मुलगा, मेनिस्कोस. दोन्ही पोरं एका अंगणात वाढली, एकाच शेळीचं दूध प्यायली. फरक एवढाच, की मेनिस्कोसला गळा होता. तो मळ्यात गायला लागला की रस्त्यानं जाणारा माणूस गाढव थांबवायचा. फैदिमोसचा आवाज बरा होता. बरा म्हणजे, कुणी नाव ठेवणार नाही आणि कुणी थांबणारही नाही.

"वहिनी, तुमच्या पोटी जन्मून ह्याला गळा कसा नाही हो?" फिलिन्ना हसत म्हणायची. "सगळा तुम्हीच ठेवून घेतलात वाटतं."

लिसिल्लाही हसायची. हसून झाल्यावर घरात जाऊन जातं जोरात फिरवायची.

त्या वर्षी द्राक्षं तुडवून झाली आणि बातमी आली, की वसंतातल्या शहरच्या उत्सवात एका नाटकाचा खर्च आपल्या गावच्या स्त्रातोनवर पडलाय. गावातला तो सगळ्यांत सधन माणूस. तो तोंडानं कुरकुरला आणि मनातून फुगला. तालमी इथेच घ्यायच्या असं त्यानं ठरवलं. इकारियाच्या माणसांना नाटकाचं फार होतं. आमच्याच आजोबा-पणजोबांनी बकरा कापून त्याच्याभोवती गाणं म्हटलं, त्यातलाच एकजण गोलातून बाहेर पडून बाकीच्यांना उलट बोलायला लागला, आणि शहरवाले आता ज्याला नाटक म्हणतात ते तेव्हा झालं, असं गावातलं शेंबडं पोरही सांगायचं.

शहरातून मास्तर आला. नाटक त्यानंच लिहिलेलं, शिकवणारही तोच. हडकुळा, पडशानं हैराण झालेला माणूस. द्राक्ष तुडवायच्या कुंडाशेजारच्या सपाट जागेत त्यानं गावातली तरणी मुलं उभी केली आणि एकेकाला गायला, पाय टाकायला लावलं. गाणाऱ्या-नाचणाऱ्यांच्या मेळ्यात पंधरा जण हवे होते. मेनिस्कोसनं तोंड उघडलं तसं मास्तरनं नाक पुसायचं थांबवलं. फैदिमोसची पाळी आली तेव्हा म्हणाला, "वाईट नाही. कुणी आजारी पडलं तर बघू."

एरवी ह्या गोष्टीचं लिसिल्लाला एवढं वाटलं नसतं. पण त्याच आठवड्यात उत्तरेच्या, थ्रेसच्या मोहिमेसाठी माणसं घ्यायला सुरुवात झाली होती. जहाजं थंडीआधी निघणार होती. आणि जो मेळ्यात असेल त्याला युद्धावर नेत नाहीत. ते देवाचं काम, दिओनिससचं. उत्सव संपेपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही.

"वसंतापर्यंत काय काय होईल," ती निकोनला म्हणाली. "तह होईल. निदान ही जहाजं तर ह्याच्याशिवाय जातील."

"मग? मी मास्तरच्या पाया पडू?" निकोन ऑलिव्ह चघळत म्हणाला. "पंधरा म्हणजे पंधरा. सोळावा कुठं बसवतील, बकऱ्याच्या जागी?"

 दोन दिवसांनी लिसिल्ला लोकर घेऊन स्त्रातोनच्या घरी गेली.

स्त्रातोनच्या बायकोला, निकारेतेला, पिंजायला बायका लागतच. मुलांच्या जेवणाचं तीच बघत होती. मालकांनी मेळ्याला ईल मासे आणि गळ्यासाठी मध द्यायचं कबूल केलं होतं, त्यावरून तिचं डोकं उठलेलं. "पंधरा रेडे पोसतेय मी," ती म्हणाली. "आणि वर ह्यांना झोप नाही. मेळ्यात परका निघाला तर दंड. भर नाटकात कुणी उठून म्हणालं, हा नागरिक नाही, की झालं. आई परकी निघाली तरी पोरगा परकाच. हे रोज एकेकाची आई कोण, आजी कोण, विचारत बसतात."

लिसिल्ला गुडघ्यावर लोकर ओढत होती. हात थांबला नाही.

"आमच्या गावात कोण परका असणार, बाई," ती म्हणाली. "सगळे ओळखीचे. आता आमच्या फिलिन्नावन्संची आई तेवढी लांबची. सीमेवरची. एल्यूथेरेकडची म्हणतात. डोंगराच्या अलीकडची की पलीकडची, कोण जाणे. मी लग्न होऊन आले तेव्हा म्हातारी झाली होती. बोलणं मात्र वेगळं होतं हं तिचं. मला निम्मं कळायचं नाही."

"पलीकडची म्हणजे?"

"म्हणजे काही नाही हो. बोलले आपली."

 निकारेतेच्या हातातली लोकर तशीच राहिली.

म्हातारी ओइनोएची होती, हे लिसिल्लाला पक्कं ठाऊक होतं. डोंगराच्या अलीकडचं गाव, पिढ्यान्‌पिढ्या अथेन्सच्या नागरिकांचं; पलीकडचे ते परके. म्हातारीच्या शेवटच्या आजारात लिसिल्लानंच तिचे पाय चेपले होते, आणि ओइनोएची विहीर, ओइनोएचे भाऊ, ओइनोएचे अंजीर ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. खोटं ती एकही वाक्य बोलली नव्हती. घरी येताना वाटेत तिनं हेच स्वतःला सांगितलं.

स्त्रातोननं चौकशी केली नाही. चौकशी केली की बोभाटा होतो, आणि बोभाटा झाला की शहरातले त्याचे वैरी कान टवकारतात. त्यानं मेनिस्कोसला बोलावलं, पाठीवर थाप मारली आणि सांगितलं, की तुझा आवाज फार पुढं येतो, मेळ्यात मिसळत नाही. मास्तर दोन दिवस भांडला. "मग मी गावातली गाढवं घेऊन नाटक करू?" असं तो अंगणात उभा राहून ओरडल्याचं सगळ्यांनी ऐकलं. पण खर्च स्त्रातोनचा होता. मास्तर गप्प झाला आणि फैदिमोसला निरोप आला.

फिलिन्ना वेडी नव्हती. आवाजाचं कारण तिला पटलं नाही. तिनं गावभर फिरून खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुणाच्या तरी तोंडून 'पलीकडची' हा शब्द निघाला. ती तशीच निकोनकडे आली. लिसिल्ला चुलीशी मसूर ढवळत होती.

"दादा, माझी आई कुठली रे?"

निकोननं बायकोकडे पाहिलं. तिनं चुलीतून डोळे वर काढले नाहीत. निकोनला सगळं तिथंच कळलं. फिलिन्नाची आई म्हणजे त्याची काकू, तिच्या मांडीवर तो लहानपणी झोपला होता.

"सीमेकडची ना?" तो म्हणाला.

"ओइनोएची! तू लहानपणी माझ्या मामांकडे राहून आलायस तिथं. चल, स्त्रातोनला सांग."

"अगं, मी पोर होतो तेव्हा. डोंगर होता एवढं आठवतंय. बायकांच्या माहेरचं मी कसं सांगू? उद्या शपथेवर विचारलं तर?"

"शपथेवर सांग!"

"बघतो," निकोन म्हणाला.

 फिलिन्ना कडवट हसली. "एल्यूथेरेची असती तरी काय रे बिघडलं होतं? तुमच्या त्या देवाची मूर्ती कुठून आणलीय शहरात? तिथूनच ना? देव चालतो डोंगरापलीकडचा. त्याच्यापुढं नाचायला पोरगा तेवढा चालत नाही."

तिनं ओइनोएला माणूस धाडला. मामा कधीच मेले होते, त्यांचा मुलगा त्याच मोहिमेवर जाणार म्हणून बंदरावर गेला होता. साक्षीदार मिळेपर्यंत मेनिस्कोसचं नाव मोहिमेच्या यादीत निघालं.

जायच्या दिवशी तो भिंतीवरून वाकला आणि मधाचं गाडगं फैदिमोसच्या हातात दिलं. स्त्रातोननं गळ्यासाठी दिलेलं. "घे. मी आता कुणापुढं गाणार? थ्रेसच्या मेंढ्यांपुढं?"

"ठेव की. खायला होईल."

"जहाजावर मध घेऊन गेलो तर मारतील मला." तो हसला. मग लिसिल्लाला म्हणाला, "येतो मामी. ह्याला जरा तोंड उघडायला शिकवा. दात दाखवायला लाजतो हा."

फिलिन्ना त्याला रस्त्याच्या वळणापर्यंत सोडून आली. लिसिल्लानं त्या दिवशी तिच्याकडे चीज पाठवलं. फिलिन्नानं ठेवून घेतलं, आणि भांडं घासून परत पाठवलं. 'पलीकडची' हे आधी कोण बोललं, ते तेव्हा तिला ठाऊक नव्हतं.

तालमी सुरू झाल्या. नाटकात एक शहर जळतं आणि त्यातल्या बायका गुलाम म्हणून वाटल्या जातात. त्या बायका म्हणजे हा पंधरा जणांचा मेळा. ओठावर मिसरूड फुटलेली, पायांना शेणाचा वास येणारी पंधरा पोरं. मरण कुणाचंच दाखवायचं नव्हतं. ते मागं, दाराआड व्हायचं. निरोप्या येऊन सांगणार, आणि मग ह्या पोरांनी रडायचं. बघणाऱ्याला मेलेला दिसत नाही, रडणारे दिसतात, म्हणून रडणं खोटं पडलं की सगळं नाटक पडलं, असं मास्तर रोज सांगायचा. आणि रोज नाक पुसत ओरडायचा, "बायकांचे नवरे मेलेत! तुम्ही काय शेळ्या हाकताय?"

सगळ्यांत जास्त तो फैदिमोसवर ओरडायचा. मेनिस्कोसची जागा म्हणजे पुढच्या रांगेतली, बघणाऱ्यांच्या समोरची. "ह्याच्याऐवजी तिथं खांब उभा करा," मास्तर एकदा म्हणाला. "खांब निदान चुकीचा हात वर करणार नाही."

फैदिमोस घरी येऊन जेवला नाही. लिसिल्लानं त्याची ताटली झाकून ठेवली. ह्याला काढलं तर वसंतातली जहाजं होतीच.

"ऊठ," ती म्हणाली. "हात इकडं आण. डोक्यावर असा नाही ठेवायचा, डोकं दुखल्यासारखा. केस धरायचे. मुळाशी. आणि आवाज गळ्यातून काढू नकोस. आधी श्वास सगळा सोड. सगळा. आत काही उरलं नाही की मग हाक मार."

"श्वास सोडल्यावर हाक कशी मारणार?"

"तीच हाक खरी असते."

हिवाळाभर तिनं त्याला शिकवलं. तिला आईनं शिकवलेलं, मेलेल्यांच्या उशाशी उभं राहून ती स्वतः शिकलेली, ते सगळं. पोराला गळा नसला तरी त्यानं मेहनत घेतली. मास्तरचं ओरडणं कमी झालं. एक दिवस मास्तरनं त्याला विचारलं, "हे कुणाकडून शिकलास?" फैदिमोसनं सांगितलं तेव्हा मास्तर म्हणाला, "आईला म्हणावं, अजून दे."

थंडी सरत आली, बदामाला फूल आलं, तेव्हा उत्तरेकडून बातमी आली. कुठल्याशा नदीच्या उतारावर झटापट झाली. इकारियातला एकच गेला. तिथंच जाळून अस्थी आणल्या होत्या. त्या शहरात जमातीच्या पेटीत इतरांबरोबर जाणार, सरकारी इतमामानं. फिलिन्नाच्या वाट्याला त्याचा झगा आला.

तिनं तो झगा बिछान्यावर पसरला. खाली ओव्याची रोपं अंथरली, उशाशी तेलाच्या उभ्या बाटल्या ठेवल्या, दाराशी पाण्याचा घडा. डोकं नव्हतं, म्हणून डोक्याच्या जागी एक घडी घातलेली उशी ठेवली. आणि निरोप पाठवला, "वहिनींना सांगा, या."

लिसिल्ला जाणार नव्हती. अंगात कणकण आहे म्हणून सांगायचं तिनं ठरवलंही होतं. निकोन म्हणाला, "तू गेली नाहीस तर गाव विचारेल का." म्हणून गेली.

खोलीत नात्यातल्या बायका होत्या, केस कापलेल्या. कोपऱ्यात साठी उलटलेली म्निसो आत्या. दारात पुरुष उजवा हात वर करून उभे, रीतीप्रमाणे. निकोन होता, फैदिमोस होता, आणि गावचा मोठा माणूस म्हणून स्त्रातोनही आला होता. फैदिमोस आईच्या हातांकडे बघत होता. त्याची बोटं मांडीवर हळूच हलत होती. तो शिकत होता.

लिसिल्लानं उशी दोन्ही हातांत धरली.

"मेनिस्कोस," तिनं हाक मारली.

बायकांतून एकदम हुंदका फुटला. "मेनिस्कोस, शेळी दाराशी येऊन उभी आहे, तिची धार कोण काढणार? वेली छाटायला आल्यात, कोयता भिंतीला आहे. तू कुणाच्या सांगण्यावरून एवढ्या लांब गेलास? तिथलं पाणी तुला धार्जिणं नव्हतं..." ती रडत गेली, बायका मागून उचलत गेल्या. आवाज लागला होता. तिला तो लागू नये असं वाटत होतं, पण तो तिच्या हातात नव्हता.

फिलिन्ना बिछान्याच्या पायथ्याशी बसली होती. ती रडली नाही. संपल्यावर म्हणाली, "पुन्हा."

लिसिल्ला पुन्हा रडली. मग फिलिन्ना पुन्हा तेच म्हणाली. तिसऱ्यांदा संपलं तेव्हा लिसिल्लानं बिछान्याच्या कडेला हात टेकला. म्निसो आत्या म्हणाली, "पुरे ग, तिला पाणी द्या."

"देते," फिलिन्ना म्हणाली. "वहिनी, छान झालं. आता फैदिमोसचं घ्या."



"काय बोलताय वन्सं? तो जिवंत आहे. तो काय तिथं उभा आहे."

"माझाही होता की उभा. मेळ्यात, पुढच्या रांगेत." फिलिन्नाचा आवाज चढला नाही. "परवा निकारेते आली होती. मधाचं भांडं घेऊन, समजूत घालायला. म्हणाली, आमच्या ह्यांचं काही मनात नव्हतं ग, तुझ्या वहिनीनंच म्हातारीचं सांगितलं."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. लिसिल्लानं पाहिलं नाही.

"दोनातलं एक करा," फिलिन्ना म्हणाली. "माझी आई कुठली ते आत्ता, ह्या लोकांसमोर सांगा. तुम्ही तिचे पाय चेपलेत, तुम्हाला ठाऊक आहे. नाहीतर ह्या उशीवर हात ठेवून फैदिमोसचं नाव घ्या आणि रडा. एकदाच."

"अगं, जित्या माणसाचं नाव घेऊन रडत नाहीत," म्निसो आत्या घाबरून म्हणाली. "खालचे देव ऐकतात."

"ऐकू देत."

लिसिल्लानं दाराकडे पाहिलं. निकोन पायाखालच्या जमिनीकडे बघत होता. स्त्रातोनचा हात वर तसाच होता आणि चेहऱ्यावर काही नव्हतं. ओइनोए. एकच शब्द. पण तो तोंडातून निघाला की स्त्रातोनला कळणार, ह्या बाईनं आपल्याला फसवलं. मग तो आज, इथूनच, फैदिमोसला काढणार. आणि बंदरावर जहाजांना डांबर लावायचं काम चालू आहे, हे काल निकोननंच सांगितलं होतं. खालचे देव ऐकतीलच असं नाही. स्त्रातोन तर समोर उभा होता.

तिनं उशीवर हात ठेवले. सगळा श्वास सोडला.

"फैदिमोस," ती म्हणाली.

म्निसो आत्यानं कानांवर हात घेतले. "फैदिमोस, माझ्या पोटच्या, तीन भावंडांनंतर राहिलेल्या, मला वाटलं होतं तू मला पुरशील..." मागून कुणी उचललं नाही. एकही बाई रडली नाही. लिसिल्ला एकटी रडत राहिली, शेवटपर्यंत, एकही ओळ न गाळता. आणि मध्येच कुठंतरी तिला कळलं, की आज लागलाय तसा आवाज आजवर कधी लागला नव्हता. मेनिस्कोससाठी नाही, पुरलेल्या तिघांसाठीही नाही.

संपल्यावर फिलिन्नानं तिला पाणी दिलं. "या आता," म्हणाली.

संध्याकाळी निकोन जेवायला बसला तेव्हा तिनं विचारलं, "स्त्रातोन काही म्हणाले?"

"कशाबद्दल?"

"तिथं झालं त्याबद्दल."

निकोननं भाकरीचा तुकडा ऑलिव्हच्या तेलात बुडवला. "वाटेत म्हणाला, म्हातारी अलीकडची की पलीकडची ते आता कुठं उकरून काढायचं. उत्सव तोंडावर आलाय. पोरगा तयार झालाय, मास्तर खूष आहे. आता कुणालाही काढायचं नाही म्हणाला, काही झालं तरी."

लिसिल्लाचा हात वाढता वाढता थांबला. "म्हणजे मी सांगितलं असतं तरी?"

"तरी काही झालं नसतं. तो म्हणाला, तुझ्या बोलण्याची त्याला तेव्हाच शंका आली होती. पण धोका कशाला घ्या." त्यानं ताटली पुढं केली. "मसूर आहेत का अजून?"

होते. तिनं वाढले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फैदिमोस तालमीहून आला. कालपासून तो आईशी बोलला नव्हता. लिसिल्ला अंगणात जवस निवडत बसली होती. त्याला बघून तिनं सूप खाली ठेवलं. आता हा काय ते बोलेल, शिव्या देईल, घर सोडून जाईन म्हणेल, ह्याची तिनं रात्रभर वाट पाहिली होती.

"आई," तो म्हणाला, "काल तू माझं नाव घेतलंस ना, ते मास्तरला करून दाखवलं. जमलं नाही. तो म्हणतो, हेच हवंय, नाटकात निरोप्या येऊन गेल्यावर अगदी हेच. तू एकदा पुन्हा म्हण."

तिनं विचारलं, "तुला कळलं नाही का, तिथं काय झालं ते?"

"कळलं. मी काय बहिरा आहे?" त्यानं मान फिरवली. "मेनिस्कोसला काढा असं मी कुणाला म्हणालो नव्हतो. जहाजातून उतरवून मी त्याला आणू शकत नाही. त्याच्या जागेवर उभा आहे तर निदान नीट उभा राहू दे. खांब नाही म्हणवून घ्यायचं मला." मग म्हणाला, "आणि तो मेलाय तर मेलाय. मी जिवंत आहे ना? तुला तेच हवं होतं."

"कुणाचं नाव घेऊ?"

"माझंच. दुसऱ्या कुणाचं घेतलंस तर तसं येणार नाही."

"इथं? फिलिन्ना घरात आहे. ऐकू जाईल."

"काल तिनंच सांगितलं होतं ना म्हणायला."

भिंतीपलीकडं फिलिन्नाचा माग चालू होता. मातीची वजनं एकमेकांवर आपटत होती, टक, टक. लिसिल्ला उठली. तिनं केस मुळाशी धरले, श्वास सोडला आणि मुलाला हाक मारली.

पलीकडचा माग थांबला.

"हां, इथं," फैदिमोस म्हणाला. त्यानं स्वतःचे केस धरले होते, डोळे बारीक करून तो तिचा गळा, तिचे खांदे न्याहाळत होता. "इथं खांदा आधी पडतो की आवाज?"

"आवाज," ती म्हणाली.

"काल खांदा आधी पडला होता. पहिल्यापासून घे."

तिनं पहिल्यापासून घेतलं. तो पायानं जमिनीवर ठेका धरून तिच्या मागोमाग म्हणत होता, स्वतःचंच नाव, आणि प्रत्येक खेपेला त्याला ते थोडं थोडं जमायला लागलं होतं.